फ्लेक्सवरची बाई

सोमवारी अंगणवाडीत एकोणीस लेकरं आली, मंगळवारी चौदा, बुधवारी नऊ.

मंजुश्रीला वाटलं, ताप फिरतोय. मदतनीस बाई आठवडाभर रजेवर होती, विचारणार कोणाला? बुधवारी खिचडी उरली. दुपारी पट उघडून तिनं नावं पाहिली आणि शेजारच्या आळीत एका घरी गेली. दार अर्धं उघडं होतं. आत पोरगं खेळत होतं, चांगलं धडधाकट. त्याची आई दाराशी आली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली.

"बरं नाही का त्याले?" मंजुश्रीनं विचारलं.

"बरं हाय."

"मंग धाडलं काऊन नाही?"

ती बाई खाली पाहत म्हणाली, "पाहू ताई, पुढच्या हप्त्यात पाहू." आणि दार लोटून घेतलं.

मंजुश्री त्या गावात अकरा वर्षं सेविका होती. या बाईचं बाळंतपण तिनंच रात्रंदिवस धावून पार पाडलं होतं. कोणी तिच्या तोंडावर असं दार लावलं नव्हतं. घरी परत येताना तिला आठवलं, देवानंदही सोमवारपासून धड बोललेला नाही. तिचा नवरा देवानंद वरवट बकाल ते शेगाव काळीपिवळी चालवायचा. आल्यावर दिवसभराच्या सवाऱ्यांचे किस्से सांगायची त्याला सवय. तीन दिवस तो जेवत होता, हात धूत होता आणि भिंतीकडे तोंड करून झोपत होता.

साडेपाचला यशोधरा शाळेतून आली. सहावीतली पोरगी, तीन किलोमीटरवर वरवटच्या शाळेत जायची. दप्तर खाली न ठेवताच ती दारात उभी राहिली.

"आई, तू विहिरीवर काऊन गेल्ती?"

मंजुश्रीच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं. "कोणत्या विहिरीवर?"

"फाट्यावर लिवलं हाय. तुया मोठा फोटो हाय. पोट्ट्या म्हणून राह्यल्या, तुयी आई जीव द्याले गेल्ती."

सूप खाली ठेवायला मंजुश्रीला जरा वेळ लागला.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिच्या पोटातलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. मुलगा होता. दवाखान्यातून घरी आली त्या दिवसापासून तिच्या आतलं सगळं बंद पडलं. केस विंचरायचे, जेवायचं, यशोधराची वेणी घालायची, काहीच सुचेना. त्याच दिवसांत एका सकाळी ती शेताकडच्या विहिरीवर गेली होती. काठावर बसून राहिली. ऊन वर आलं तेव्हा उठली आणि परत आली. का गेली आणि का परत आली, दोन्ही तिला सांगता आलं नसतं. कोणी पाहिलं नव्हतं. तिनं देवानंदलाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर चारच दिवसांनी शेजारच्या तानाबाईनं तिचा हात धरून तिला 'ओटा'वर नेलं.

ओटा म्हणजे शेषराव सरांनी काढलेलं मंडळ. सर निवृत्त मास्तर. जुन्या शाळेची एक खोली त्यांनी झाडून, चुना मारून घेतली होती. दर गुरुवारी दुपारी बायका तिथं गोधड्या शिवायच्या, मोसम नसला तरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या, मागच्या वाफ्यात मेथी-पालक लावायच्या. रविवारी सकाळी सगळ्या मिळून वान नदीपर्यंत पायी जायच्या. तिथं औषध नव्हतं, उपदेश नव्हता. मनाचं काही सांगावंसं वाटलं तर सांगायचं, नाहीतर टाके घालायचे. पहिले दीड महिने मंजुश्री एक शब्द बोलली नाही. तानाबाई तिच्या हातात दोरा ओवलेली सुई द्यायची आणि ती टाके घालत राहायची. पुढे अकोल्याच्या डॉक्टरकडे जायचं धाडसही तिथंच आलं. झुंबरबाई, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरची, स्वतः तिच्यासोबत गेली होती. उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी मंजुश्रीनं विहिरीचं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. सांगून झाल्यावर कोणी हाय-हाय केलं नाही. शेजारी बसलेल्या कलाबाईनं फक्त आपला पदर तिच्या पाठीवर टाकला.

सर त्या दिवशी कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत होते. ते नेहमीच लिहायचे. कोणी लक्ष दिलं नव्हतं.

"आई, बोल ना," यशोधरा म्हणाली.

मंजुश्रीनं तिला जवळ बसवलं. "हो. गेल्ती."

"जीव द्याले?"

"हो. बाळ गेलं होतं ना आपलं. मले लय दुखत होतं अंदरून. वाटलं, असं केलं तं दुखणं थांबन. मंग मी वापस आली."

पोरगी नखानं दप्तराचा पट्टा कुरतडत राहिली. "मायी आठवण नाही आली तुले?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देणं सोपं होतं. मंजुश्रीनं ते दिलं नाही. "त्या वक्ती कोणाचीच आठवण येत नव्हती बेटा. तोच तं आजार होता. सगळं दिसत होतं पण कोणीच आपलं वाटत नव्हतं. आता तसं नाही."

"पुन्हा वाटलं तं?"

"तं मी सांगीन. तुया बापाले सांगीन, तानामायले सांगीन, डॉक्टरले सांगीन. ते मोठ्या माणसायचं काम हाय, तुयं नाही."

यशोधरा रडली नाही. ती उठून हातपाय धुवायला गेली, आणि मोरीतून पाणी पडायचा आवाज बराच वेळ येत राहिला. मंजुश्री तिथंच बसली होती. ही गोष्ट एक ना एक दिवस पोरीला सांगायचीच होती. पण केव्हा सांगायची, कोणत्या शब्दांत सांगायची, हे तिचं होतं. पोरगी मोठी झाल्यावर, एखाद्या दुपारी, दोघीच असताना. ती दुपार कोणीतरी चोरली होती.

तिनं तानाबाईला हाक मारून पोरीजवळ बसवलं, भिंतीत खोचलेला विळा घेतला आणि निघाली.

वरवटच्या फाट्यावर संध्याकाळची गर्दी होती. शेगावची बस नुकतीच गेलेली. चहाच्या टपरीशेजारी, दोन बांबूंना बांधलेला, माणसापेक्षा उंच फ्लेक्स. वर लाल अक्षरं: 'चला, मनाचं बोलू या!' खाली दोन फोटो. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. नंतरच्या फोटोत ती गोधडीवर वाकून हसत होती.

आधीचा फोटो तिनं कधी पाहिलाच नव्हता. ओट्यावरच्या पहिल्या दिवसाचा असावा. केसांच्या जटा, उघडं तोंड, डोळे कुठंतरी लागलेले. आणि ब्लाऊजवर डाव्या बाजूला ओला डाग. बाळ गेलं होतं तरी दूध थांबलं नव्हतं. तो डाग कशाचा, हे फाट्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळत होतं. सरांना कळला नव्हता, छापणाऱ्याला कळला नव्हता. तो आता हातभर मोठा होऊन रस्त्यावर टांगला होता.

फोटोंच्या खाली लिहिलं होतं: 'विहिरीच्या काठावरून परत! मंजुश्रीताई, अंगणवाडी सेविका. ओटा मंडळाने दिले नवे जीवन.' कोपऱ्यात हात जोडलेले शेषराव सर. त्याखाली उद्याच्या कार्यक्रमाची वेळ.

तिनं विळा खालच्या दोरीला लावला. पहिली दोरी तुटली तशी टपरीवरची माणसं वळली.

"ओ ताई," टपरीवाला म्हणाला, "मंडळाचा बोर्ड हाय तो. इचारलं का कोणाले?"

"हा फोटो लावताना मले कोणी इचारलं होतं?"

"आता ते मले काय माहीत..."

"मंग गप बसा."

दुसरी दोरी तुटली. वरच्या दोन तिच्या हाताला येईनात. ती बांबूला धरून उडी मारू लागली, विळा हवेत फिरला, कोणीतरी हसलं. ती हसणाऱ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यात काय होतं कोण जाणे, पण त्या माणसानं चहाचा पेला खाली ठेवला आणि बाजूला झाला.

देवानंदची काळीपिवळी पलीकडे उभी होती. तो बॉनेटला टेकून सगळं पाहत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"तुमाले ठावं होतं?"

"सोमवारपासून."

"तीन दिवस या बोर्डासमोर गाडी लावून सवाऱ्या भरल्या तुमी? अन् मले एक शब्द नाही?"

"तू तरी मले कुठी सांगतलं?" देवानंद एकदम ओरडला. "दोन वर्षं एका छपराखाली झोपून राह्यलो आपण. मायी बायको विहिरीवर गेल्ती हे मले बोर्डावर वाचा लागलं. अख्खे ड्रायव्हर मायाकडं पाहून राह्यले, अन् मी त्यायच्याकडं पाहून राह्यलो बैलासारखा!"

त्याचं बरोबर होतं. आणि ते बरोबर होतं म्हणून तिला आणखी संताप आला, कारण हेही तिच्याच तोंडून त्याला कळायला हवं होतं. त्या बोर्डानं तिची एकच गोष्ट तिच्याकडून दोनदा हिसकावली होती.

"सांगणार होती," ती म्हणाली. "जमलं नाही. पण हे असं नको होतं."

देवानंदनं तोंड पुसलं. मग गाडी चालू केली, वळवून बांबूंच्या मधोमध आणून लावली, टपावर चढला आणि खाली हात केला. "दे इळा."

फ्लेक्स धपकन खाली आला. मंजुश्रीनं तो गुंडाळून घेतला, फोटो आत जातील असा.

गुरुवारी तिनं अंगणवाडी अकरालाच आटोपली. सात लेकरं होती. गुंडाळी काखेत मारून ती ओट्यावर पोचली तेव्हा कार्यक्रमाची तयारी चालली होती. जिल्ह्याच्या कुठल्याशा पुरस्कारासाठी पाहुणे पाहणी करायला यायचे होते. दाराला आंब्याची पानं, खुर्च्यांवर पांढरी कापडं. आणि खोलीच्या तिन्ही भिंतींना लावलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले चौदा फोटो. चौदाही बायकांचे. प्रत्येकाखाली चार-पाच ओळी.

ती दारातच थबकली. तिला वाटत होतं, फक्त आपल्यासोबतच झालंय.

कलाबाई तिच्याकडे लगबगीनं आली. नवं हिरवं लुगडं नेसली होती. पन्नाशीची बाई, लोकांच्या शेतात निंदायला जायची, कधी शाळेत गेली नव्हती. "आली का वं मंजू? ये इकडी, माया फोटो पाय. सरानं किती मोठा केला! मायं लगन झालं तवा बी एवढा फोटो नव्हता निंगाला. गोविंदा येऊन राह्यला आज पाहाले." गोविंदा तिचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी भांडण होऊन आईला घराबाहेर काढलं होतं, आणि आता कुठं महिन्या-दोन महिन्यांनी येऊन बोलू लागला होता. "खाली काय लिवलं हाय? वाच ना."

मंजुश्रीनं आधी मनात वाचलं. मग म्हणाली, "कलामाय, इथं नको."

"वाच वं. मले आयकू तं दे."

"'कलाबाई, वय बावन्न,'" मंजुश्री वाचू लागली. "'नवऱ्याची मारहाण आणि मुलाने घराबाहेर काढल्यामुळे मानसिक संतुलन बिघडले. रात्री-अपरात्री गावात भटकत असे. ओटा मंडळात आल्यापासून आनंदी.'"

कलाबाईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"हे गोविंदा वाचन?"

"वाचन."

"त्याची बायको बी वाचन?"

"हो."

"काढ," कलाबाई म्हणाली.

मंजुश्रीनं पुठ्ठा ओढला. चिकटपट्टीबरोबर चुन्याचा पापुद्रा निघून आला. त्या आवाजानं खोलीतल्या बाकीच्या बायका वळल्या. झुंबरबाई पाहुण्यांसाठी ताट सजवत होती, ती उठली. "काय करून राह्यली वं? सरानं एवढी मेहनत केली. लोकायले कळू दे ना आपण काय करतो ते. चांगल्यासाठीच हाय. एवढा बाऊ काऊन करतं?"

"काकू, तुमी तुमचं वाचलं का?"

"चष्मा नाही आणला."

"मी वाचू?"

झुंबरबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच आपल्या फोटोपाशी गेली आणि डोळे बारीक करून नाक भिंतीला लागेल इतकी वाकली. तिथं झोपेच्या गोळ्यांचं लिहिलं होतं, सुनेचं लिहिलं होतं. ती सून दहा मिनिटांनी लाडूचा डबा घेऊन येणार होती. झुंबरबाई सरळ झाली. तिनं आपला पुठ्ठा काढला आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला.

नेमके तेव्हा शेषराव सर आत आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. "अरे! हे काय? पाहुणे वरवटपर्यंत पोचलेत. कोणी काढले हे?"

"मीनं," मंजुश्री म्हणाली, आणि काखेतली गुंडाळी त्यांच्या पायापाशी टाकली. "अन् हा बी."

सरांनी गुंडाळीचं टोक उलगडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मंजू, तुला तरी हे शोभत नाही. तू शिकलेली आहेस. आपण इथं काय सांगतो? मनाच्या दुखण्याची लाज नको. लपवून लपवूनच माणसं जातात, पोरी. तुझा फोटो पाहून दहा बायका घराबाहेर पडतील. एक जरी वाचली तरी पुष्कळ झालं."

त्यातलं बरंचसं खरं होतं. मंजुश्रीला ते ठाऊक होतं. हीच खोली नसती तर ती आज कुठं असती, हेही ठाऊक होतं.

"सर, माया पोरीले शाळेत पोट्ट्यायनं सांगतलं, तुयी आई जीव द्याले गेल्ती. माया नवऱ्यानं फाट्यावर वाचलं. अंगणवाडीत आज सात लेकरं आली. लोकायले भेव वाटते, मी त्यायची लेकरं विहिरीवर नेईन म्हून. कोण वाचलं यात? सांगा मले."

"लोक अडाणी आहेत. हळूहळू समजतील."

"लोकायचं सोडा. तुमी मले इचारलं का?"

"विचारलं होतं," सर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. "फोटो काढू का म्हटलं, तू मान हलवलीस. मला चांगलं आठवतं."

"कवा?"

"तू आलीस त्याच दिवशी."

मंजुश्री दोन पावलं पुढे गेली. "त्या दिवशी मी कशालेही मान हलवली असती सर. त्या दिवशी कोणी मले म्हटलं असतं, चल विहिरीत उडी मार, तं त्याले बी मान हलवली असती मीनं. तुमी त्याले हो समजले?"

सर एक पाऊल मागे सरले.

"अन् विहिरीचं मी कोणाले सांगतलं होतं? या बायकायले. या खोलीत. तुमी कोपऱ्यात बसून लिहून राह्यले होते. आमाले वाटलं, हजेरी लिहून राह्यले."

"मी ते वाईट हेतूनं..."

"हेतू मले नका सांगू! त्या फोटोत मायी छाती ओली हाय, तुमाले दिसलं नाही? माया मेलेल्या लेकराचं दूध हाय ते. ते तुमी फाट्यावर टांगलं, अन् खाली सोताचा हात जोडलेला फोटो लावला!"

कोपऱ्यात तानाबाईनं पदर तोंडाला लावला. सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मान खाली घालून ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या घरातही हे होऊन गेलंय. मी जवळून पाहिलंय. म्हणून तर हे सगळं सुरू केलं."

सरांच्या घराची मागची खोली वर्षानुवर्षं बंद असायची, एवढंच गावाला माहीत होतं. तिथं कोण होतं, त्याचं काय झालं, हे सरांनी कधी कुठं उच्चारलं नव्हतं.

मंजुश्रीनं भिंतींकडे हात केला. "मंग त्याचा फोटो कोणता यातला? दाखवा. चौदा बायका टांगल्या तुमी. तुमच्या घरचा कुठी हाय?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"आम्ही सांगतलं तं तुमी लिहून घेतलं," मंजुश्री म्हणाली. "तुमचं तुमी सांगतलं नाही. लाज नको म्हणता, ती फक्त आमालेच नको का?"

ती वळली आणि पुढचा पुठ्ठा काढू लागली. मग कोणी कोणाची वाट पाहिली नाही. बायका भिंतींना भिडल्या. कोणाला वाचता येत होतं, कोणाला नव्हतं. ज्यांना येत नव्हतं त्या वाचून दाखवायलाही सांगत नव्हत्या. पाच मिनिटांत तिन्ही भिंतींवर चुना निघालेले चौकोन उरले.

पाहुण्यांमध्ये दोन पुरुष होते आणि निशिगंधा नावाची एक तरुण मॅडम. दारात हार घेऊन कोणी उभं नव्हतं. आत बायका जमिनीवर गोल करून बसल्या होत्या आणि मधे अर्धी झालेली गोधडी पसरली होती. सर खिडकीपाशी पाठमोरे उभे.

"प्रदर्शन आहे म्हणाले होते," निशिगंधा मॅडम भिंतींकडे पाहत म्हणाली. "फोटो कुठे गेले?"

"ज्यायचे होते त्यायच्याजोळ गेले," मंजुश्री म्हणाली. "इथं आम्ही शिवतो. बसाचं असन तं बसा. फोटो काढाचा नाही."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण सरांशी कुजबुजू लागला. निशिगंधा मॅडम क्षणभर उभी राहिली, मग चपला काढून कडेला बसली. तिला टाका घालता येत नव्हता. पाव तास तिनं नुसतं कापड धरून ठेवलं आणि मग गाडीत बसून गेली. पुरस्कार दुसऱ्या कुठल्या तरी गावाला मिळाला.

गोविंदा उशिरा आला. कलाबाई दारातच त्याला आडवी झाली. "फोटो नाही निंगाला चांगला," म्हणाली, आणि त्याच्या हातावर लाडू ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंजुश्री अंगणवाडीत वाट पाहत बसली नाही. तानाबाईला घेऊन घरोघर गेली. ज्या बाईनं दार लोटलं होतं तिच्या अंगणात उभी राहिली.

"बाहीर ये."

ती आली.

"तुले मायं भेव वाटते?"

"तसं नाही ताई... लोक म्हणतात म्हून..."

"लोक नाही, तू सांग. तुया पोराची लस कवा हाय, तुले ठावं हाय? मले ठावं हाय. त्याचं वजन किती हाय, कोणत्या महिन्यात घटलं होतं, मले ठावं हाय. मी आजारी होती. बरी झाली. तुले बी कवा ताप आला असन, तवा तुया हातचं कोणी जेवणं सोडलं होतं का? धाडाचं असन तं धाड, नसन तं नको धाडू. पण असं दार लोटू नको मायासमोर."

अशी अकरा घरं झाली. सगळीकडे ती तेवढंच बोलली, आणि कुठंच पाणी प्यायला थांबली नाही. दिवाळीपर्यंत बहुतेक लेकरं परत आली. दोन आली नाहीत. त्यांच्या आयांनी त्यांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवलं. रस्त्यात त्या भेटल्या तर हसायच्या. मंजुश्री हसायची नाही.

ओट्याच्या खोलीवर बायका पुन्हा गेल्या नाहीत. गुरुवारी दुपारी आता तानाबाईच्या अंगणात, शेवग्याखाली सतरंजी पडायची. झुंबरबाई तीन गुरुवार आली नाही, चौथ्याला चष्मा लावून आली आणि सुई मागितली. एकच नियम झाला. फोन घरी ठेवून यायचं, आणि वही आणायची नाही. रविवारी नदीपर्यंतचं चालणं तसंच राहिलं. आता त्यात देवानंदही कधीमधी यायचा, बायकांच्या बराच मागे, खिशात हात घालून. एकदा परत येताना त्यानं मंजुश्रीला विचारलं होतं, त्या सकाळी ऊन वर येईपर्यंत तू काय विचार करत होती? ती सांगत गेली. घर येईपर्यंत तो मधे बोलला नाही.

सर आले ते मार्गशीर्षात. अंगणाच्या कडेला उभे राहिले. इस्त्री नव्हती, खिशाला पेनं नव्हती. महिनाभर ते घराबाहेर फारसे पडले नव्हते, असं ऐकू येत होतं.

"बसू का?" त्यांनी विचारलं. त्यांनी तानाबाईला विचारलं होतं, पण सगळ्या मंजुश्रीकडे पाहू लागल्या.

मंजुश्रीला 'नाही' म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलेलं होतं. तिला फाट्यावरचा तो हातभर डाग दिसत होता, आणि यशोधराचं नख, दप्तराचा पट्टा कुरतडणारं. त्या दिवसापासून पोरगी शाळेतून आल्यावर आधी घरभर आईला शोधायची, मग दप्तर ठेवायची.

"अंगण तानामायचं हाय," ती शेवटी म्हणाली.

तानाबाईनं सतरंजीचं टोक सरळ केलं. सर बसले. कोणी त्यांना सुई दिली नाही. त्यांनी स्वतःच उचलली आणि दोरा ओवायला लागले. चार वेळा चुकले. मग सुई तशीच बोटांत धरून, कोणाकडेही न पाहता, ते मागच्या खोलीबद्दल बोलू लागले. आधी अडखळत, मग सलग. मास्तरांचा खणखणीत आवाज त्यात कुठंच नव्हता. सत्तरीचा माणूस बायकांसमोर रडला आणि डोळे पुसायला त्याच्याकडे रुमालही नव्हता. कलाबाईनं आपल्या पदराचं टोक पुढे केलं.

मंजुश्री उठली नाही, जवळही गेली नाही. ती ऐकत होती आणि टाके घालत होती. टाके मोठमोठे, वाकडे पडत होते.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर सतरंजी झटकताना तानाबाईनं विचारलं, "माफ केलं का वं त्याले?"

"नाही."

"कवा करशीन?"

"ठावं नाही, तानामाय. कदाचित नाही बी करणार."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची एक बाई डोकावली. "काय वं मंजू, मास्तर आल्ते म्हणतात. रडत गेले म्हणे. काय सांगून राह्यले होते?"

मंजुश्रीनं सतरंजीची घडी घातली आणि काखेत घेतली.

"गोधडी शिवाले आल्ते," ती म्हणाली. "दोरा ओवता येत नाही त्यायले."